रक्ताचा आजार, हाडांची साक्ष

समजा, अर्धापूरच्या एखाद्या शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगा आहे. अंगाने किरकोळ, डोळ्यांत किंचित पिवळसर झाक. महिन्यातून तीन-चार दिवस तो गैरहजर असतो. थंडी पडली, पावसात भिजला किंवा कवायतीच्या तासाला उन्हात फार पळाला, की दुसऱ्या दिवशी त्याचे हातपाय दुखू लागतात. विचारले तर म्हणतो, "सर, हाडं दुखतात." बाहेरून पाहावे तर जखम नाही, मुरगळलेले नाही. दोन दिवसांनी तो पुन्हा वर्गात येतो आणि चांगला दिसतो. अशा मुलाबद्दल आपले मत काय होते? बहुधा 'अभ्यास नको म्हणून सोंग करतो' असे. घरच्यांना वाटते वात आहे. गावातला कोणी तरी एक सुई टोचतो, तेवढ्यापुरते बरे वाटते.

हा मुलगा काल्पनिक आहे. पण त्याच्यासारखी मुले महाराष्ट्रातील अनेक शाळांत खरोखर बसलेली आहेत. केळीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अर्धापूरवरून जाणारा हमरस्ता हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा अशी गावे घेत नागपूरकडे जातो. नांदेड जिल्ह्याच्याच किनवट-माहूर भागात गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांची वस्ती आहे. या साऱ्या पट्ट्यात रक्ताचा एक आनुवंशिक आजार आढळतो. त्याचे नाव सिकल सेल आजार. सिकल म्हणजे विळा. आपल्या पारिभाषिक मराठीत त्याला 'दात्रकोशिका पांडुरोग' असे नाव आहे, दात्र म्हणजेही विळाच.

हे नाव रक्तावरून पडले, कारण डॉक्टरांनी प्रथम रक्त पाहिले. रोगी मात्र पहिली तक्रार करतो ती बहुतेक वेळा हाडांची. या आजाराचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रक्तातील बिघाड विज्ञानाने पायरी पायरीने उलगडला, पण रोग्याच्या हाडांकडे लक्ष जायला प्रत्येक वेळी उशीर झाला. तो इतिहास आपण पाहू या. शाळेत बसलेल्या त्या मुलाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

सूक्ष्मदर्शकाआधीची नावे

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. तेथील डॉक्टर फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी १९७४ साली आपल्या भागातील भाषांत या आजाराला कोणती नावे आहेत ते नोंदवले. गा भाषेतील नाव आहे 'च्वेच्वेच्वे'. फान्टे, एवे, ट्वी या शेजारच्या भाषांतही अशीच नावे आहेत. त्यांपैकी काहींत तोच तो आवाज पुन्हा पुन्हा येतो. हाड कोणी तरी सतत कुरतडत आहे, दुखणे थांबतच नाही, असा भाव त्या उच्चारात आहे. कोनोटे-आहुलू यांनी स्वतःच्याच घराण्यात हा आजार सतराव्या शतकापर्यंत मागे नेऊन दाखवला.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या लोकांनी आजाराचे नाव हाडांच्या दुखण्यावरून ठेवले होते, आणि तो घराण्यातून येतो हेही त्यांना ठाऊक होते. रक्तपेशीचा आकार त्यांना दिसणे शक्यच नव्हते. ती गोष्ट दिसायला सूक्ष्मदर्शक लागला.

शिकागोतील विद्यार्थी

१९०४ साली वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा वीस वर्षांचा तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेत शिकागोला आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त तपासले, तेव्हा नेहमीच्या गोल तबकड्यांऐवजी त्यात काही लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्याने त्या आपले वरिष्ठ जेम्स हेरिक यांना दाखवल्या. पुढची काही वर्षे नोएल अधूनमधून रुग्णालयात येत राहिला. १९१० साली हेरिक यांनी या रोग्याची हकिकत प्रसिद्ध केली. आधुनिक वैद्यकातील या आजाराची ही पहिली सविस्तर नोंद मानली जाते.

त्या लेखाच्या शीर्षकात विळ्याच्या आकाराच्या पेशी आणि तीव्र पांडुरोग यांचा उल्लेख आहे. नोएलला मधूनमधून जे अंग दुखण्याचे झटके येत, त्यांना 'स्नायूंचा संधिवात' असे म्हटले गेले. म्हणजे नोंद झालेल्या पहिल्याच रोग्याच्या दुखण्यावर वाताचे नाव लागले. नोएल शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतला, तेथे त्याने दंतवैद्य म्हणून काम केले आणि १९१६ साली न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

१९१७ साली व्हिक्टर एमेल यांनी काचपट्टीवर रक्ताचा थेंब हवाबंद करून ठेवला आणि त्यातल्या गोल पेशी हळूहळू विळ्याच्या आकाराच्या होताना पाहिल्या. रोगी मुलीच्या वडिलांना काहीच त्रास नव्हता, तरी त्यांच्या रक्तातही हा बदल घडला. पुढे ज्यांना आपण 'वाहक' म्हणू लागलो, त्यांची ही पहिली खूण होती. १९२२ साली व्हर्न मेसन यांनी आजाराला 'सिकल सेल अ‍ॅनिमिया' हे नाव दिले. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की पेशी विळ्यासारखी होते ती प्राणवायू कमी पडला म्हणून, आणि प्राणवायू पुन्हा मिळाला की ती बरीचशी पूर्ववत होते. हाडांचे कोडे सुटण्यासाठी हाच दुवा पुढे कामी आला.

क्ष-किरणांनी काय दाखवले

अमेरिकेतील मेम्फिस शहरात लेम्युएल डिग्ज हे डॉक्टर या रोग्यांवर काम करीत होते. १९३७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकल सेल रोग्यांच्या हाडांतील बदलांवर क्ष-किरण चित्रांच्या आधारे लेख लिहिला. हाडाची बाहेरची कठीण भिंत पातळ झालेली, आतली पोकळी रुंदावलेली, काही ठिकाणी हाड विरळ तर काही ठिकाणी नको इतके घट्ट, असे चित्र पुढे अनेकांनी पाहिले. पाठीचे मणके दोन्ही बाजूंनी आत दबलेले, मासळीच्या मणक्यासारखे दिसत.

हे असे का व्हावे? हाड म्हणजे नुसता चुन्याचा खांब नव्हे. त्याच्या आत अस्थिमज्जा असते आणि तांबड्या पेशी तिथेच तयार होतात. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल सेल रोग्याची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. ही तूट भरून काढण्यासाठी मज्जेला कितीतरी पट अधिक काम करावे लागते. कारखाना वाढवायचा म्हणजे जागा हवी. मज्जा वाढते, आतून हाड कोरले जाते, भिंत पातळ होते. अशी हाडे कमकुवत राहतात. त्यात आहार अपुरा असला आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता असली तर त्यांची आणखी हानी होते. या रोग्यांत 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा आढळते.

ही झाली हळूहळू होणारी झीज. दुसरा प्रकार अचानक येतो आणि फार दुखतो. मज्जेतील रक्तवाहिन्या बारीक असतात, त्यांतून रक्त संथ वाहते आणि तिथे प्राणवायूही कमी असतो. विळ्यासारखी होण्यासाठी पेशीला हीच परिस्थिती हवी असते. गोल पेशी लवचीक असते, ती आपल्यापेक्षा अरुंद वाटेतूनही दुमडून जाते. विळ्यासारखी पेशी ताठर असते. ती अडकते, तिच्यामागे दुसरी अडकते, वाट बुजते. पलीकडच्या हाडाला रक्त मिळत नाही आणि तेथला भाग मरू लागतो. रोगी 'हाडं दुखतात' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा नेमके हेच चालू असते.

वर्गात हे दाखवायला खर्च येत नाही. एक नरसाळे घ्या. त्यातून मूठभर मोहरी ओता, ती सरळ खाली जाईल. आता काड्यापेटीतल्या काड्यांचे गुल काढून टाका, काड्यांचे तुकडे करा आणि तेवढेच तुकडे ओता. दोन-तीन आडवे पडले की वाट बंद होते. रक्तवाहिनी नरसाळ्याइतकी साधी नसते, वाहिनीच्या आतल्या अस्तराला पेशी चिकटणे, दाह होणे अशाही गोष्टी तिथे घडतात. पण मूळ कल्पना मुलांना यातून कळते.

सहा महिन्यांचे बाळ

या आजाराची पहिली ठळक खूण अनेकदा तान्ह्या वयात दिसते. बाळ पाच-सहा महिन्यांचे झाले की एखाद्या दिवशी त्याच्या हातांची किंवा पायांची पाठ आणि बोटे सुजतात, गरम लागतात. बाळ हात लावू देत नाही, रडते. घरातल्यांना वाटते काही चावले असेल किंवा पडले असेल. वैद्यकात याला 'हात-पाय लक्षणसमूह' म्हणतात. लहान बाळाच्या बोटांच्या हाडांतही तांबडी मज्जा असते, म्हणून तिथे रक्तपुरवठा तुंबतो. चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत बोटांतील तांबडी मज्जा जाते आणि हा प्रकार थांबतो. मग दुखण्याची जागा बदलते. हातापायांची लांब हाडे, पाठीचा कणा, छातीच्या फासळ्या आणि खुबा यांवर पाळी येते.

पण पहिले पाच-सहा महिने बाळ बरे कसे राहते? याचे उत्तर १९४८ साली ब्रुकलिनमधील डॉ. जॅनेट वॉटसन यांनी सुचवले. नवजात बालकांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फार कमी होतात असे त्यांना दिसले. त्यांनी असा तर्क केला की गर्भात असताना बाळाकडे जे वेगळे हिमोग्लोबिन असते, ते त्याचे रक्षण करीत असावे. जन्मानंतर हे गर्भातील हिमोग्लोबिन हळूहळू कमी होते आणि प्रौढांचे हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. संरक्षण संपते तेव्हा आजार दिसू लागतो. वॉटसन यांचा तर्क बरोबर ठरला. पुढच्या उपचारांचा पाया त्यावरच रचला गेला, हे आपण शेवटी पाहू.

एका जागेची चूक

१९४९ साली लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रोग्याचे हिमोग्लोबिन विद्युत्‌क्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत आहे, असे प्रथमच सिद्ध झाले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचा नियम स्पष्ट केला. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आला तर आजार, एकाकडूनच आला तर माणूस वाहक. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधायला घेतला आणि पुढे तो निश्चित झाला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. बाकी साखळी तीच. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी पडताच हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनवतात आणि पेशी ताठ होते.

रेणूची ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात अतिशय गाजली. हाडांचा प्रश्न मात्र बाजूला पडला नव्हता. हाडात मेलेल्या भागात जंतूंना आश्रय मिळतो आणि सिकल सेल रोग्यांत 'साल्मोनेला' गटाचे जंतू हाडात शिरून पू करतात, हे १९५० च्या दशकात लक्षात आले. ताप आणि एका जागी सूज, एवढ्यावरून हे रक्त तुंबल्याचे दुखणे आहे की हाडातला जंतुसंसर्ग आहे, हे ठरवणे आजही डॉक्टरांना सोपे जात नाही. मुलाला तापासह हाडाचे दुखणे असेल तर घरी वाट पाहू नये, हे सांगण्याचे कारण तेच.

नागपूरच्या रस्त्यावर

हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच आहे, अशी समजूत बरीच वर्षे होती. १९५२ साली लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत सिकल पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही तो आजार नोंदला गेला. रक्ताच्या थेंबात एक रसायन मिसळून पेशींचा आकार काही वेळातच बदलताना पाहण्याची सोपी पद्धत १९४८ पासून उपलब्ध होती, त्यामुळे गावोगावी जाऊन तपासणी करणे शक्य झाले होते.

१९५८ साली आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकल पेशींवरचा आपला लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा दोष केवळ दूरच्या जंगलात राहणाऱ्या आदिवासींपुरता नाही, विदर्भातील इतर समाजांतही तो आहे, हे या आणि यानंतरच्या पाहण्यांतून दिसले. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी पुढे अनेक दशके महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या आजाराची तपासणी आणि जनजागृती केली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे हा जनुक इतका का पसरला? १९४९ साली हॉल्डेन यांनी रक्ताचे काही आनुवंशिक दोष हिवतापापासून संरक्षण देत असावेत असे सुचवले होते. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की सिकल सेलच्या वाहकांना घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे वाहक मुले इतरांपेक्षा अधिक जगली आणि जनुक टिकला. सातपुड्यापासून गोंडवनापर्यंतचे डोंगर-जंगल हिवतापाचेच होते. तेव्हा एखाद्या समाजात हा जनुक अधिक दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की त्यांचे पूर्वज हिवतापाच्या मुलखात राहिले आणि तगले. जातीशी किंवा रक्ताच्या शुद्धाशुद्धतेशी त्याचा काही संबंध नाही. वर्गात हा विषय शिकवताना हे स्पष्ट सांगायला हवे. नाही तर विज्ञानाचा तास एखाद्या मुलाला चिडवण्याचे निमित्त होऊन बसेल.

१९८६ साली ओडिशातील आणि जमैकातील रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. भारतीय रोग्यांत गर्भातील हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही जास्त राहते आणि पायावरच्या जुनाट जखमांसारख्या काही गुंतागुंती कमी होतात, असे त्यात दिसले. यावरून भारतातला आजार सौम्य आहे, असा समज पसरला. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांचा अनुभव मात्र निराळा होता. त्यांच्याकडे येणाऱ्या अनेक मुलांचा आजार तीव्र होता, आणि मध्य भारतातील हा आजार गंभीर रूप घेऊ शकतो असे त्यांनी २०१६ साली लिहिले. 'आपल्याकडे सौम्य असतो' हे सरासरीचे विधान आहे. समोर बसलेल्या एका मुलाला ते लागू पडेलच असे नाही.

खुब्याचे हाड

सर्वांत टिकाऊ नुकसान होते ते खुब्याचे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या असतात आणि एक बुजली तर दुसरीकडून पुरवठा होण्याची सोय फारशी नसते. रक्त तुंबले की गोळा आतून मरतो, मग शरीराच्या वजनाखाली दबतो आणि चपटा होतो. सिकल सेल रोग्यातील ही स्थिती १९५० च्या दशकात वर्णिली गेली. १९९१ साली अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक रोग्यांच्या पाहणीत सुमारे १० टक्के रोग्यांत ती आढळली. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते.

सुरुवातीला मांडीत, जांघेत किंवा चक्क गुडघ्यात दुखते. मूल किंचित लंगडते, मांडी घालून बसताना त्याला त्रास होतो. या वेळी साधे क्ष-किरण चित्र अगदी नीट दिसू शकते. एम.आर.आय. तपासणीत मात्र दोष लवकर दिसतो. लवकर कळले तर भार कमी करणे, योग्य व्यायाम, काही वेळा हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया असे मार्ग असतात. गोळा दबल्यावर तरुण वयातच कृत्रिम खुबा बसवण्याची वेळ येऊ शकते.

आता सुरुवातीच्या मुलाला टोचलेली सुई आठवा. वात समजून दिल्या जाणाऱ्या औषधांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने तात्पुरते बरे वाटते. पण स्टिरॉइड वारंवार घेतले तर ते स्वतःच खुब्याचा गोळा मरण्याचे एक कारण ठरते. ज्या हाडाला आधीच रक्त कमी पडते आहे, त्याच हाडावर हा दुसरा घाव. नोएलच्या दुखण्याला वाताचे नाव मिळाले तेव्हा निदान त्याची हानी त्या नावाने झाली नसावी. आज मात्र चुकीच्या नावाची किंमत एखादे मूल आयुष्यभर लंगडून फेडू शकते.

उपचार कुठवर आले

वॉटसन यांच्या तर्काकडे परत येऊ. गर्भातील हिमोग्लोबिन रक्षण करते, तर ते मोठेपणीही वाढवता येईल का? हायड्रॉक्सियुरिया या औषधाने ते वाढते असे १९८० च्या दशकात दिसले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. नागपूरमध्ये मुलांना ते कमी मात्रेत देऊनही चांगला उपयोग झाल्याचे आढळले. हे औषध गोळीच्या रूपात मिळते, पण रक्ताची नियमित तपासणी करीत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. तोही गर्भातील हिमोग्लोबिनच पुन्हा सुरू करतो. १९४८ चा तर्क पंचाहत्तर वर्षांनी असा प्रत्यक्षात उतरला. हा उपचार अत्यंत खर्चिक आहे.

पण या साऱ्यांची एक मर्यादा आहे. रक्त सुधारले तरी एकदा दबलेला खुब्याचा गोळा पुन्हा गोल होत नाही. म्हणून हाडांच्या बाबतीत निदान किती लवकर होते, यावरच पुष्कळसे अवलंबून असते.

आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी विद्राव्यता चाचणी ही साधी चाळणी चाचणी, आणि तिच्यात दोष दिसला तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी पक्की चाचणी. पहिली चाचणी वाहक आणि रोगी यांच्यात फरक करीत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नये.

शाळेत काय करता येईल

शिक्षकाने निदान करायचे नाही. पण मुलाला रोज पाहणारा घराबाहेरचा पहिला माणूस शिक्षकच असतो. वारंवार हाडे दुखणे, डोळे पिवळे होणे, फिकेपणा, वाढ खुंटणे, लंगडणे यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात सिकल सेलची तपासणी करून घ्यायला सांगावे.

निदान झालेल्या मुलासाठी काही साध्या गोष्टी पुरतात. त्याच्याजवळ पाण्याची बाटली असू द्यावी आणि वर्गात पाणी पिऊ द्यावे. या आजारात मूत्रपिंडे पाणी नीट राखून ठेवू शकत नाहीत, म्हणून लघवीला वारंवार जावे लागते. त्यासाठी त्याला अडवू नये. थंडीत पुरेसे कपडे असावेत. खेळ बंद करू नये, पण दमल्यावर थांबण्याची मुभा असावी. उन्हात उभे करणे किंवा मैदानाला फेऱ्या मारायला लावणे, अशी शिक्षा तर मुळीच नको. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक फार फिकट पडणे किंवा पाय टेकवता न येणे, असे काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकल सेल आजाराचा समावेश आहे. त्या आधारे मिळणाऱ्या सवलतींची माहिती पालकांना बहुधा नसते, ती आपण द्यावी.

वरच्या वर्गांना आनुवंशिकता शिकवताना दोन नाणी घ्या. एक आईचे, एक वडिलांचे. दोघेही वाहक आहेत असे धरा. छाप म्हणजे निरोगी जनुक, काटा म्हणजे सिकल जनुक. दोन्ही नाणी एकदम चाळीस वेळा उडवा आणि नोंद करा. दोन्ही काटे पडण्याची वेळ साधारण दहाच्या आसपास येईल. म्हणजे प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता चारांत एक. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगलीच होतील' हा हिशेब किती चुकीचा आहे, तेही मुलांना नाण्यांवरून समजेल. नाण्याला मागचे काही आठवत नाही. लग्नाआधी दोघांनी तपासणी करण्याचे महत्त्व त्यातून आपोआप निघते.

एखाद्या दिवशी तो मुलगा पुन्हा म्हणेल, "सर, हाडं दुखतात." घानातील लोकांनी सूक्ष्मदर्शक नसताना ही तक्रार खरी मानली आणि आजाराला तिचेच नाव दिले. त्या तक्रारीचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा त्याला बाकावर बसवावे, प्यायला पाणी द्यावे, आणि त्याच्या घरी निरोप पाठवावा.